अळणी वरणाचं उद्घाटन

माझी आई वलगावला राहते. तुमचा मुलगा काय करतो, असं तिला कोणी विचारलं की ती तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता सांगते, "माहा पोरगा? तो फोन लावते."

मी इंजिनिअर आहे, माझ्या ओळखपत्रावर प्रोजेक्ट मॅनेजर असं ठसठशीत छापलेलं आहे, अमरावतीच्या ऑफिसात मला स्वतःची खुर्ची आणि स्वतःचा पंखा आहे, हे सगळं मी तिला अनेकदा साभिनय समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग भिंत तू बांधतं का?" नाही. "पाइप तू टाकतं?" नाही. "मंग?" मग ज्यानं भिंत बांधायची त्याला मी फोन लावतो, ज्यानं सिमेंट पाठवायचं त्याला लावतो, आणि ज्याची भिंत आहे त्याचा आला की घेतो.

"तेच तं मी सांगून राहिली लोकाइले," आई म्हणाली.

या अंकाचे संपादक माझे कॉलेजातल्या नाटकांमधले सोबती. ते नेहमी राजा व्हायचे आणि मी शिपाई. माझी वाक्यं दोन असायची, पण प्रयोगाच्या दिवशी मी त्यांची सात करायचो, त्याचा राग त्यांच्या मनात अजून असावा. कारण त्यांनी मला विषय दिला : प्रभावी आणि नैतिक प्रकल्प व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे. हा मथळा पाहिल्यावर वाचक थेट राशिभविष्याच्या पानावर उडी मारणार, हे त्यांना कळत नाही असं नाही. तेव्हा महाराज, क्षमा असावी. तत्त्वं सांगण्याइतका मी मोठा नाही. पण माझ्या कामात मला जी माणसं भेटली, ती सांगण्याइतका वाचाळ नक्कीच आहे.

आधी धंदा समजून घ्या. प्रकल्प म्हणजे एक वचन. आज जे नाही ते अमुक दिवशी असेल, असं कोणीतरी कोणाला तरी सांगून बसलेलं असतं. आणि मॅनेजर म्हणजे, ते वचन ज्यानं दिलेलं नसतं पण पाळायचं ज्याला असतं, तो माणूस. दवाखाना असो, मंगल कार्यालय असो की पाण्याची टाकी, नाटक तेच. फक्त पडदा कधी उघडणार हे आधीच जाहीर झालेलं असतं आणि विंगेत राजाला अजून मिशी लागलेली नसते.

अकोल्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं काम होतं. माणूस सज्जन, हाताला यश, पण रोज सकाळी फोन यायचा आणि नमस्कार वगैरे न करता थेट प्रश्न, "किती टक्के?" मी सांगायला जायचो की स्लॅब पडला, नळांची फिटिंग अडली आहे. ते म्हणायचे, तसं नको, आकडा सांगा. आता आमच्या कामाची गंमत अशी की ते नव्वद टक्क्यांपर्यंत धावत जातं आणि तिथल्या ओट्यावर मांडी घालून बसतं. पुढचे कित्येक आठवडे डॉक्टर विचारत राहिले आणि मी नव्वद सांगत राहिलो. शेवटी मीच एकदा उलट विचारलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही पेशंटला किती टक्के बरं वाटतं असं विचारता का? ते हसले. म्हणाले, मी विचारतो, आज कुठं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "बोला. आज कुठं दुखतंय?"

मी सांगितलं की लिफ्टवाला फोन उचलत नाही. डॉक्टरांनी स्वतः लिफ्टवाल्याला फोन केला. तो त्यांचाच पेशंट निघाला आणि संध्याकाळी हजर झाला. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या प्रत्येक साइटवर मी सकाळी हाच प्रश्न विचारतो. तो प्रश्न मी डॉक्टरांकडून फुकट उचलला आहे, आणि आयुष्यात उचललेल्या सगळ्या गोष्टींत तो सगळ्यात कामाचा निघाला आहे.

चांदूर रेल्वेला एक मंगल कार्यालय बांधायचं होतं. तिथला मालक मोठा प्रेमळ, कोणाचंही मन मोडत नसे. त्यामुळे जो नातेवाईक येई तो जिना हलवून जाई. जावयानं जिना उत्तरेला नेला, मेव्हण्यानं बाहेर काढला, पुतण्यानं गोल केला. कागदावरचा जिना इतका फिरला की ड्राफ्टिंग करणाऱ्या मुलीनं माझ्याकडे रजा मागितली. शेवटी मी एका रविवारी सगळ्या गोतावळ्याला रिकाम्या प्लॉटवर बोलावलं. आलुबोंडे मागवले. आणि कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी पांढरी फक्की मारून अख्खं कार्यालय जमिनीवर आखलं. इथं दार, इथं मंडप, इथं नवरीची खोली, इथं स्वयंपाक. मग मी म्हटलं, आता लग्न लावा. मेव्हण्याला नवरदेव केलं, जावयाला वाढपी केलं, त्याच्या हातात बादली दिली आणि सगळ्यांना आपापल्या जागी चालायला लावलं. जिन्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. कारण बादली घेऊन निघालेला जावई पंगतीकडे जाता जाता सरळ नवरीच्या खोलीत शिरला. मालकाची आत्या, जी तोवर एका खुर्चीत डोळे मिटून बसली होती, ती एकदम म्हणाली, "काय बाप्पा, नवरीच्या अंगावरून वरण नेता का?"

जिना जिथं होता तिथंच राहिला. स्वयंपाकघर हललं. ज्यांना त्या इमारतीत वावरायचं आहे त्यांना सिमेंट येण्याआधी एकदा आत चालवून आणावं, हे मी त्या आत्याबाईंकडून शिकलो. त्यांच्या नातीच्या लग्नात मी जेवलो आहे. वरण योग्य रस्त्यानं आलं.

आता खरी गोष्ट. तीही वरणाचीच आहे.

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांमधून पूर्णा नदी जाते. तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. म्हणजे विहीर खोदली की पाणी लागतं, पण खारं लागतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, पाहुण्याला पाणी दिलं की तो एक घोट घेऊन पेला हळूच खाली ठेवतो. या पट्ट्यातल्या एका गावात दूरच्या धरणावरून गोडं पाणी आणायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. लांबलचक पाइपलाइन, गावात उंच टाकी, घरोघर नळ. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं हा अंक वाचतात आणि मला तिथं पुन्हा जेवायला जायचं आहे.

गावच्या सरपंच लताताई. चाळिशीतली बाई, बोलणं तुकड्यात, पण प्रत्येक तुकडा तासलेला. त्यांचं माहेर गोड्या पाण्याच्या गावचं. लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी सासरी स्वयंपाक केला आणि माहेरच्या अंदाजानं वरणात मीठ टाकलं. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि तोंडाचा असा चंबू केला की पंगतीतल्या सगळ्यांचे हात थांबले. मग सासूनं त्यांना बाजूला नेऊन सांगितलं की पोरी, आपल्या इथं पाणीच अर्धं मीठ घालते, आपण अर्धंच घालायचं. ही गोष्ट लताताई हसत सांगत. पण सांगून झाली की म्हणत, "भाऊ, इतकी वर्षं झाली, मी अजून माह्या हातचं वरण खाल्लं नाई."

गावाला गोड्या पाण्याचं वचन याआधीही मिळालं होतं. माजी सरपंच नामदेवराव यांच्या काळात एक योजना झाली होती. मंडप पडला, नारळ फुटला, नळ उघडला आणि पाणी आलं. तासभर आलं. टाकीमागे टँकर उभा होता, हे नंतर कळलं. तो नळ शाळेच्या भिंतीपाशी अजून आहे आणि गाव त्याला फोटोचा नळ म्हणतं. नामदेवरावांना हा विषय काढलेला आवडत नाही. तेही फसलेच होते, असं ते म्हणतात, आणि मला वाटतं खरंच म्हणत असावेत. फसलेला माणूस दुसऱ्यावर विश्वास ठेवायला सगळ्यात शेवटी तयार होतो. त्यामुळे आमच्या पाइपलाइनचा पहिला खड्डा पडल्यापासून नामदेवराव गावभर सांगत होते की हाही फोटोच आहे.

लताताईंनी त्यावर भर ग्रामसभेत जाहीर केलं की गावाचं रोडग्याचं जेवण यंदा नळाच्या पाण्यावर होईल. आमच्याकडे गावजेवण म्हणजे रोडगे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सारं गाव एका ठिकाणी बसून जेवतं. आणि लताताईंनी वर हेही सांगून टाकलं की तसं झालं नाही, तर मी खुर्ची सोडीन. अशी वचनं माणसानं देऊ नयेत, पण लोक देतात, म्हणून तर आमचा पगार निघतो.

उद्घाटन आणि जेवण, दोन्हीसाठी दिवाळीनंतरची एक तारीख ठरली. ती तारीख कामावरून ठरली नव्हती. एका मोठ्या पाहुण्यांना त्या दिवशी वेळ होता, म्हणून ठरली.

तारखेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही लाइनची प्रेशरची चाचणी घेतली. ही चाचणी अगदी सोपी असते. पाइपात पाणी भरायचं, पंपानं दाब चढवायचा, सगळं बंद करायचं आणि काट्याकडे पाहत बसायचं. काटा जागेवर राहिला की लाइन चांगली. काटा खाली आला की कुठंतरी गळती आहे. त्या काट्याला पाहुणे कळत नाहीत की तारीख. मी काटा पाहायला पोचलो तेव्हा ठेकेदाराचा सुपरवायझर गजूभाऊ पंपाच्या पेटीवर बसला होता. गजूभाऊ अकोल्याचा, हसतमुख, ज्याच्या तोंडून नाही हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी रोज विचारायचो, आज कुठं दुखतंय, आणि तो रोज छाती फुगवून सांगायचा की कुठंच नाही, एकदम फिट. त्या दिवशी त्यानं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, कमरेत."

लाइनच्या मध्यावर, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात सांधे सुटले होते. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात इतकी भेगाळते की भेगेत हात जातो. ती पाइपाला एका जागी राहू देत नाही. म्हणून पाइपाखाली मुरूम घालतात. मुरूम घातला होता, पण त्या टप्प्याला पुरला नव्हता. उकरून पुन्हा करणं भाग होतं. आणि त्या टप्प्यावर कमरेइतकी तूर उभी होती. तूर निघाल्याशिवाय खोदता येणार नव्हतं, खोदल्याशिवाय किती सांधे सुटले ते कळणार नव्हतं.

गजूभाऊनं मग अतिशय आपुलकीनं एक मार्ग सुचवला. गावातल्या बोअरचं पाणी टाकीत चढवायचं. त्या दिवशी नळ उघडेल, धार पडेल, टाळ्या होतील. "खारं का गोडं, कोन पाह्यते साहेब? पाहुने तं बाटलीतलंच पेतीन."

हे इतकं खरं होतं की मला हसू आलं. वरच्या ऑफिसातूनही फोन आला. तिथले साहेब गजूभाऊइतके मोकळे नव्हते. ते म्हणाले की जरा व्यवहारी व्हा, लाइन आपण नंतर दुरुस्त करणारच आहोत ना. मी म्हटलं, साहेब, मी नाटकवाला माणूस. रंगवलेल्या दारातून मी अनेकदा रुबाबात एंट्री घेतली आहे. पण नाटकात समोरच्याला ठाऊक असतं की दार रंगवलेलं आहे, म्हणून तो तिकीट काढून येतो. या गावाला परत तेच दार दाखवलं, तर लाइन दुरुस्त झाल्यावर खरं पाणी आलं तरी त्याला कोणी हात लावणार नाही. साहेब म्हणाले की पाहुण्यांच्या माणसाला फोन तुम्ही करा. मी केला. त्यातला संवाद या कौटुंबिक अंकात छापता येणार नाही.

वाईट बातमी चहाच्या आधी सांगायची, असा माझा एक नियम आहे. समोरच्यानं चहा दिला, आपण तो प्यालो आणि मग सांगितलं, तर तो चहा समोरच्याला आयुष्यभर आठवतो. लताताईंच्या अंगणात मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. लाइन गळते, तारखेला पाणी येणार नाही. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"कधी येईन मंग?"

"सांगता येत नाही."

"नाई सांगता येत हे सांगाले तुमी अमरावतीवरून आले?"

"ताई, आज मी तारीख सांगितली तर ती तुमचं मन राखायला सांगितलेली असेल. तूर निघू द्या. खोदलं की त्याच दिवशी सांगतो."

"आनि माही खुर्ची?"

खुर्ची वाचवणारी गजूभाऊची युक्तीही मी त्यांना सांगून टाकली. लपवण्यात अर्थ नव्हता, उद्या दुसऱ्या कोणी त्यांच्या कानात ती घातली असती. लताताईंनी ती ऐकली आणि शाळेच्या दिशेला पाहिलं. तिथून फोटोचा नळ दिसत नाही, पण त्या त्याच दिशेला पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मले नाई पाहिजे फोटो. पन हे गावाले मी नाई सांगनार. तुमी सांगा."

आणि मी सांगितलं. ग्रामसभा भरली, लताताईंनी मला पुढे उभं केलं आणि त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी आजवर अनेक रंगमंचांवर उभा राहिलो, पण प्रेक्षक एवढे शांत कधी पाहिले नाहीत. मी काटा कसा पडला ते सांगितलं, काळी माती कशी वागते ते सांगितलं. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, त्यामुळे काही माना हलल्या. तेवढ्यात मागून नामदेवरावांचा आवाज आला.

"साहेब, आमच्या टाइमात तासभर तरी आलं होतं पानी. तुमच्या टाइमात तेही नाई का?"

सगळी सभा हसली. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं आणि वेळ अचूक होती. मग नामदेवराव उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की रोडग्याचं जेवण जेव्हा व्हायचं तेव्हा होऊ द्या. ते खाऱ्या पाण्यावर झालं, तर पंगत उठल्याबरोबर अविश्वास ठरावाच्या सह्या घेऊ. सदस्य तयार आहेत. लताताई म्हणाल्या, चालते.

तूर निघाली. आम्ही खोदलं, सुटलेले सांधे मोजले, आणि कबूल केल्याप्रमाणे त्याच दिवशी मी ताईंना फोन लावला. नवा मुरूम आला आणि गजूभाऊनं यावेळी तो स्वतः उभं राहून टाकून घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. ग्रामसभेत मी सगळं माझ्या अंगावर घेतलं, मुरुमाचं नाव काढलं तरी त्याचं नाव काढलं नाही, हे त्याला कोणीतरी जाऊन सांगितलं असावं. चाचणीच्या दिवशी काटा जागेवरून हलला नाही, तेव्हा गजूभाऊ त्या पेटीवर चढून नाचला. मग टाकी भरली, नळ उघडले, आणि धरणाचं गोडं पाणी गावात आलं.

आणि गावानं ते पिऊन थुंकलं.

हे माझ्या कोणत्याही नियोजनात नव्हतं. जन्मभर खारं पाणी प्यालेल्या जिभांना ते पाणी फिक्कं लागलं. म्हातारी माणसं म्हणाली, पान्याले चवच नाई. कोणी म्हणालं की औषध मारलं असन. धुणं धुणाऱ्या बायकांची वेगळीच तक्रार होती. साबणाचा फेस आता इतका यायला लागला की जाता जाईना, म्हणजे पाण्यात नक्की काहीतरी आहे. लोक नळाचं पाणी गुरांना आणि धुण्याला वापरू लागले आणि प्यायला जुन्याच विहिरीवर जाऊ लागले. नामदेवरावांनी निदान केलं की हे बोअरचंच पाणी आहे, मशीनमधून काढलेलं, म्हणून चव गेली. गावजेवणाएवढ्या पाण्याला मशीन पुरायची नाही, खारंच येईल, तेव्हा बघा. मी धरणाचा फोटो दाखवला. फोटो हा शब्द त्या गावात काढायचा नसतो, हे मी विसरलो होतो.

अशा हवेत रोडग्याचं जेवण आलं. मोठे पाहुणे यावेळी आले नाहीत, त्यांना दुसरीकडे जायचं होतं. मी मात्र वलगावहून आईला घेऊन गेलो. म्हटलं, आपला मुलगा काय करतो ते एकदा डोळ्यांनी बघू दे, मग खुर्ची गेली तर गेली.

स्वयंपाक किसनरावांकडे होता. पंचक्रोशीत गावजेवण म्हटलं की किसनराव. त्यांचा अंदाज कधी चुकत नाही, अशी ख्याती. सकाळी टाकीचं पाणी त्यांच्या पातेल्यांत पडलं. थोड्याच वेळात किसनराव गोंधळलेल्या चेहऱ्यानं फिरताना दिसले. डाळ नेहमीच्या निम्म्या वेळात शिजून मऊ लापशीसारखी झाली होती, आणि रोडगे अजून आरात जायचे होते. पण वरण झालं, भाजी झाली, रोडगे भाजून निघाले, पंगत बसली. लताताई पदर खोचून एका टोकाला उभ्या होत्या. नामदेवराव पहिल्या पंगतीत मधोमध बसले, त्यांच्या दोन्ही बाजूंना सदस्य. मी आणि आई समोरच्या ओळीत.

नामदेवरावांनी रोडगा कुस्करला, वर वरण घेतलं, तूप ओतलं, पहिला घास तोंडात घातला. आणि थांबले. दुसरा घास घेतला. मग मान वर करून त्यांनी अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "किसन्या, मीठ घरी विसरला काय रे?"

मग सगळीकडून आवाज उठले. भाजीतही मीठ नाही, रोडग्यातही नाही. किसनराव कढईमागून धावत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ते छातीवर हात ठेवून सांगत होते की वीस वर्षं याच मुठीनं घालतो, आजही तेवढंच घातलं, आईची शपथ.

"तेवढंच?" लताताईंनी विचारलं.

"तेवढंच, ताई. एक चिमूटही कमी नाई."

"नामदेवभाऊ," लताताई म्हणाल्या, "आयकलं का? मीठ नेहमीचंच हाये."

मंडप हळूहळू शांत होत गेला. आधी बायकांच्या ओळी. कारण त्या सगळ्या, कोणी माहेराहून येऊन, कोणी लेकीच्या घरी रांधून, हे गणित आयुष्यात एकदा तरी चुकल्या होत्या. मग कोणीतरी हसायला लागलं. नामदेवरावांनी पुढ्यातला पेला उचलला, नळाचं पाणी एक घोट घेतलं, तोंडात फिरवलं आणि गिळलं. त्यांच्या मिशांवर थेंब होता. ते म्हणाले, "लताबाई, मीठ आना. आनि तो किसन्या रडून राहिला, त्याले गप करा."

लताताईंनी परातीत मीठ घेतलं आणि स्वतः वाढायला निघाल्या. गावजेवणात मीठ वाढणं हे सगळ्यात हलकं काम, ते पोरासोरांकडे असतं. सरपंच बाई ओळीओळीनं वाकून प्रत्येक पत्रावळीच्या कडेला चिमूट ठेवत होती. सह्यांचा विषय त्या पंगतीनंतर निघाला नाही. पुढेही कधी निघाला नाही.

मला त्या गावाचे, त्या डॉक्टरांचे, त्या आत्याबाईंचे आणि गजूभाऊचेही आभार मानायचे आहेत. या सगळ्यांनी मला जे शिकवलं त्याचा पगार मी घेतला. नामदेवरावांचे तर विशेष आभार. त्यांनी सहज विश्वास ठेवला असता तर पाणी खरं आहे हे सिद्ध कशानं झालं असतं? एकच रुखरुख आहे. आमची लाइन जिथं संपते त्याच्या पुढच्या गावाला अजून खारंच पाणी आहे. त्यांना वचन द्यायलाही अजून कोणी गेलेलं नाही.

आमच्या ओळीत लताताई आल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला तर ठाऊक होतं. मग किसनरावांना आधी सांगितलं का नाही?"

त्यांनी परात कमरेवर टेकवली. "मी सांगतलं असतं तं वरण चांगलं झालं असतं, भाऊ. पन नामदेवभाऊनं माह्या तोंडाचं मानलं असतं का? त्याच्या तोंडाचं मानलं त्यानं." आणि मग, अगदी माझ्या ग्रामसभेतल्या सुरात, "मी खोटं काई बोलली नाई. मिठाचं तेवढं नाई बोलली."

आई शेजारी बसून हे सगळं ऐकत होती. तिनं मीठ घेतलं, वरणात कालवलं आणि लताताईंना विचारलं की बाई, एवढं पाणी आणलं कोणी? ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"यानं?" आई म्हणाली. "हा तं फोन लावते."

लताताईंनी चिमूट माझ्या पत्रावळीकडे नेली. मी पत्रावळीवर हात आडवा धरला. ते वरण मी तसंच अळणी खाल्लं, आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.